फुंकऱ्या आणि वॉचमनचं तळं

त्याच्या टपरीवर पाटी होती: 'कॅसेटमध्ये फुंकर मारू नये. मारलेली असल्यास दुरुस्ती होणार नाही.' ज्या माणसाने जन्मभर फुंकर मारणाऱ्यांशी भांडणं केली, त्याचं नाव बाजाराने फुंकऱ्या ठेवलं. बाजार असाच असतो. मला तिथे पुढारी म्हणतात, आणि मी आजवर एकही निवडणूक लढवलेली नाही.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. तळहाताएवढं प्लॅस्टिकचं खोकं, खालच्या कडेला धातूच्या पिवळ्या दातांची ओळ. मशीनमध्ये खोचली की खेळ सुरू. नाही झाला तर बाहेर काढायची, दातांवर जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. माझ्या वयाच्या प्रत्येकाने हे केलंय आणि प्रत्येकाला खात्री आहे की खेळ फुंकरीनेच चालू व्हायचा. असं कुणी बोललं की फुंकऱ्याचे कान लाल व्हायचे. "तोंडातली वाफ आत जाते. दात गंजतात. चहात मार फुंकर, भाजलेल्या बोटावर मार, माझ्या मालाला तोंड लावू नकोस."

इलेक्ट्रॉनिकच्या बाजारात जिन्याखाली त्याची टपरी. छप्पर म्हणजे जिन्याचीच पाठ, त्यामुळे आत एका बाजूला माणूस उभा राहू शकतो आणि दुसऱ्या बाजूला फक्त मांजर. वीस वर्षं तो मांजराच्या बाजूला बसला, म्हणून त्याची मान कायम पुढे आलेली. रिमोट, वजनकाटे, बोलक्या बाहुल्या, लोक आणतील ते दुरुस्त करायचा. ते पोटाला. जीव मात्र जुन्या खेळांत. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, हात त्यांच्याकडून आलेला. तरुणपणी तो एका गेम पार्लरमध्ये मशीनची बटणं बदलायला होता. पार्लर बंद पडलं तेव्हा मालकाने भंगारात काढलेल्या कॅसेटचं पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून त्याने घरी आणलं. थोरली बहीण दारात उभी होती. ती कपडे शिवून घर चालवायची. म्हणाली, "लोक या वयात नवरी आणतात. तू पोतं आणलंस." नवरी पुढे आलीच नाही, पोती मात्र येत राहिली. ताईच्या पलंगाखाली, शिवणयंत्राच्या मागे, माळ्यावर, सगळीकडे कॅसेटच कॅसेट. ताई त्यांना भंगार म्हणायची आणि दर महिन्याला फडक्याने पुसूनही ठेवायची.

माझी त्याची ओळख जिन्याखालच्या टपऱ्या उठवायची नोटीस आली तेव्हाची. आम्ही नऊ दिवस धरणं धरलं. पहिल्या दिवशी मी भाषण करतोय आणि हा पहिल्या रांगेत मान खाली घालून हातातल्या मशीनवर खेळतोय. माझं डोकं फिरलं. माईक सोडून खाली उतरलो. "लाज वाटते का? तुझ्याच टपरीसाठी घसा फोडतोय मी."

"घोषणा देतोय की. हात गुंतलेत, तोंड मोकळंय." मान वर न करता म्हणाला.

आणि खरंच, नऊ दिवसांत एकदाही त्याची घोषणा चुकली नाही. टपऱ्या वाचल्या. मी त्याच्याकडे चहाला जायला लागलो. दहावीत दोनदा आपटी खाल्लेला माणूस मी. कायद्याची पुस्तकं रद्दीवाल्याकडून आणून शिकलो. फुंकऱ्याची विद्याही रद्दीतलीच, म्हणून आमचं जमलं असावं.

त्याच्यासारखे अजून सात-आठ जण होते. दर आठवड्याच्या सुट्टीला ते एका दातांच्या दवाखान्यात जमायचे. डॉक्टर त्या दिवशी नसायचे आणि किल्ली असायची कंपाउंडरबाईंकडे. बाई स्वतः पक्क्या खेळाडू. पेशंटच्या बाकांवर ही मंडळी दाटीवाटीने बसायची. भिंतीवर किडलेल्या दाढेचं हे एवढं मोठं चित्र, त्याखाली टीव्ही, टीव्हीला जुनी मशीन जोडलेली. कंपाउंडरबाईंना नव्या खेळांचं वेड. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत, एकेकट्या माणसांनी घरात बसून बनवलेल्या खेळांचं. फुंकऱ्याशी त्यांची दर आठवड्याला जुंपायची.

"हा बघा, हा एका बाईने एकटीने बनवलाय. आई अंथरुणाला खिळलेली, तिच्या उशाशी बसून. तीन वर्षं लागली."

"खोकं कुठंय?"

"खोकं नाही. डाउनलोड करायचा."

"म्हणजे हवा."

"तुमच्या खोक्यांपेक्षा बरी. तुमच्या खोक्यांत तर झुरळं निघतात."

झुरळं निघायची हे खरं. बहुतेक कॅसेट भंगारवाल्यांकडून येत, म्हणून या मंडळींत फुंकऱ्याने एक नियम घालून दिला होता. नवी आलेली कॅसेट आधी आंघोळ करणार, मगच मशीनला शिवणार. आंघोळ म्हणजे काय ते मी पन्नास वेळा पाहिलंय. स्क्रू काढायचे, खोकं उघडायचं, स्पिरिटच्या बोळ्याने दात पुसायचे आणि आतली बटणाएवढी बॅटरी सोल्डरिंगच्या सळईने सोडवून नवी बसवायची. जुनी बॅटरी कधीतरी गळते आणि सगळं खाऊन टाकते, हे तो शाळामास्तरासारखा सांगायचा. ती बॅटरी असते खेळाची आठवण धरून ठेवायला. कोण कुठपर्यंत पोचलं, काय मिळवलं, सगळं तिच्या जिवावर. ती काढली की आठवण पुसली. कंपाउंडरबाई हळहळायच्या. "कुणातरी पोराने वर्ष घालवलं असेल हो यावर." फुंकऱ्या म्हणायचा, "आधीच्या भाडेकरूचं सामान. घर आपण घेतलं, सामान बाहेर." आणि मंडळी हसायची.

एक गोष्ट आणखी. नकली कॅसेट त्याला वासावरून कळायची. नवं स्टिकर चिकटवून, आत सर्किटची स्वस्त पट्टी घालून विकलेला माल हातात आला की तो तोंडावर सांगायचा, गिऱ्हाईक रडवेलं झालं तरी. एकदा एक माणूस हट्टाने म्हणाला, "नकली असू दे, खेळ तर चालतोय ना?" फुंकऱ्याने कॅसेट त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मग चालतोय तिथं घेऊन जा."

वॉचमन या मंडळींत सर्वांत शेवटी आला. फोमच्या गाद्यांच्या गोदामावर दिवसपाळीला असायचा, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. लाजाळू माणूस. पहिले दोन महिने तो नुसता बाकाच्या टोकाला बसून बघत राहिला. दाताला आलाय का, म्हणून एकाने विचारलंसुद्धा. फुंकऱ्याला तो आवडला, कारण त्याला मशीन द्यायला गेलं की तो आधी शर्टाला हात पुसायचा. वर्षभराने फुंकऱ्याने त्याला एक हातातलं जुनं मशीन दुरुस्त करून दिलं आणि त्यात घालायला तळ्याच्या खेळाची कॅसेट.

तळ्याचा खेळ म्हणजे मारामारी नाही, शर्यत नाही. एक तळं, त्यात मासे. त्यांना खायला घालायचं, पाणी साफ करायचं, पिल्लं झाली की नावं ठेवायची. कॅसेटमध्ये घड्याळ आहे आणि मशीन बंद असलं तरी ते बॅटरीवर चालत राहतं. पुन्हा उघडलं की खेळ आधी सांगतो, शेवटचं खाणं कोणत्या तारखेला किती वाजता घातलं आणि मासे किती तास उपाशी आहेत. तळ्याला वॉचमनने बायकोचं नाव दिलं होतं. मंडळींनी त्याला त्यावरून इतकं छळलं की बिचारा कानापर्यंत लाल झाला.

मग गोदामाला आग लागली. दुपारी तीनचा सुमार. गोदाम त्या दिवशी बंद, आत माल ठासून भरलेला, माणूस एकच. फोमचा धूर काळा आणि विषारी असतो, ज्वाळा दिसायच्या आधी माणूस जातो. शटरच्या आत त्याची केबिन होती. तिथेच तो सापडला, दार आणि खुर्चीच्या मध्ये. टेबलावर ते मशीन होतं.

तेवढं ठेकेदाराला पुरलं. पहारेकऱ्याचा ठेका त्याचा, गोदामाची देखभालही त्याचीच. तिसऱ्या दिवशी त्याचा लेखी जबाब कामगार कार्यालयात पोचला. मयत इसम कामाच्या वेळी व्हिडिओ गेम खेळण्यात गुंग होता, त्यामुळे आग त्याच्या लक्षात आली नाही, मालाची हानी आणि स्वतःचा मृत्यू या दोहोंस त्याचा निष्काळजीपणा कारणीभूत. पेपरात आलं तेही असंच. चहाच्या टपरीवर लोक मथळा वाचून हसले. मी एकाची कॉलर धरली.

वहिनी माझ्याकडे आल्या, म्हणजे वॉचमनची बायको. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पोलिसांनी परत दिलेल्या त्याच्या वस्तू होत्या त्यात.

"दादा, नुकसानभरपाईचं ते देतील नाहीतर नाही देणार. पण ते निष्काळजी होते असं लिहिलंय. तो शब्द काढा. सतरा वर्षं पहारा केला त्यांनी, एक दिवस डुलकी काढली नाही." मग पिशवीतून मशीन काढलं. "हे घरीच खेळून जायचे. सकाळी चहा घेताना. मला म्हणायचे, तुझ्या तळ्यातले जेवले, आता मी जेवतो. कामावर न्यायचे, पण खेळत नसत. हे उघडलं की कळेल ना, शेवटचं कधी खेळले?"

कळणार होतं. सकाळी सातची वेळ निघाली असती, तर ठेकेदाराच्या जबाबाच्या चिंधड्या झाल्या असत्या. मी मशीन घेऊन तडक फुंकऱ्याकडे गेलो.

त्याने पिशवी उघडली आणि धुराचा वास जिन्याखाली भरून राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. नीट सांगितलं, यात खोट नाही. "फक्त उघड आणि वेळ वाच. मी फोटो काढतो." त्याने हो म्हणून मान हलवली. मशीनची बॅटरी-पेटी उष्णतेने वाकली होती, म्हणून कॅसेट काढून ती दुसऱ्या मशीनमध्ये घालावी लागणार होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. पेपरवाला होता, मथळा देणारा तोच. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून त्याला सोलून काढायला लागलो.

माझं तोंड फोनमध्ये, डोळे त्याच्या हातांवर. त्याने कॅसेट बाहेर काढली. दातांवर काजळी. त्याने बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसली. बोळा काळा. दुसरा घेतला, तोही काळा. स्क्रू काढले, आतून पुसायला लागला. काजळी आतही गेली होती. चौथा बोळा, पाचवा. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तो मनगटाने पुसत होता. मला वाटलं, धुराचा वास. सळई गरम झाली, तिचा तो बारीक धूर. मी फोनवर विचारत होतो, मेलेल्या माणसाची बदनामी करायला तुम्हाला किती ओळी मिळतात?

"पुढारी."

"थांब, फोनवर आहे."

"पुढारी, फोन ठेव."

त्याच्या चिमट्यात ती बटणाएवढी बॅटरी होती. हात तसाच हवेत. तो तिच्याकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणी त्याच्या चिमट्यात आणून ठेवली होती.

मला कळायला दोन क्षण लागले. त्याला कळलेलंच होतं. तरी त्याने नवी बॅटरी बसवली, स्क्रू लावले, दुसऱ्या मशीनमध्ये कॅसेट घातली आणि चालू केली. निळा पडदा आला. त्यावर अक्षरं: तुमच्या तळ्याला काय नाव देणार?

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जिन्यावर माणसं थांबली, वरच्या मजल्यावरून दुकानदार वाकून बघायला लागले. इतकी वर्षं ज्याला ओळखतो त्याला मी भर बाजारात, आई-बहीण सोडून सगळं बोललो. तो मांजराच्या बाजूला मान घालून बसून होता. एकदाच म्हणाला, "हात गेला रे. माझं लक्ष काजळीकडे होतं. त्याची कॅसेट अशी काळी बघवेना."

गर्दी पांगली तसा मी खाली वाकून हळू आवाजात म्हणालो, "तारीख घालता येते ना यात? घड्याळ मागे कर, तळं कर, मासे सोड, सकाळी सातचं खाणं घाल. एक तासाचं काम."

"येतं."

"मग?"

"नकली होईल."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तुला!" माझा आवाज पुन्हा चढला. "कॅसेट खोटी असलेली तुला चालत नाही, आणि वॉचमनवर खोटा आळ आलेला चालतो?"

"खोटा आहे हे तुला ठाऊक आहे?" त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "मला नाही. ठाऊक होण्याची एकच जागा होती, ती मी पुसली. आता माझ्या मनाने सात वाजले लिहू? वहिनींच्या हातात नवं स्टिकर लावलेला माल देऊ?" मग उठला. "मी जाऊन सांगतो त्यांना."

गेला खरंच, त्याच संध्याकाळी, एकटा. वहिनींनी त्याला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मासे पण गेले?" तो हो म्हणाला. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. हे मला नंतर ताईने सांगितलं, कारण मी तोवर फुंकऱ्याशी बोलणं टाकलं होतं.

तीन आठवडे टाकलं. बाजारात समोरून आला तर मी रस्ता बदलायचो. राग धरायला मला कुणी शिकवावं लागत नाही. आणि या तीन आठवड्यांत माझ्या खांद्याच्या पिशवीत अग्निशामक दलाच्या अहवालाची प्रत होती, तिच्यात अकरा फोटो. अर्ज करकरून मिळवले होते. जळालेला माल, वाकलेलं शटर, केबिनची भिंत, टेबल, खुर्ची. मी ते रोज बघायचो. आणखी दोघा-चौघा शिकल्या-सवरल्यांना दाखवले. ज्याच्याशी अबोला होता, त्या एकाला सोडून सगळ्यांना दाखवले.

सुनावणीच्या दिवशी तो न बोलावता आला. इस्त्रीचा शर्ट, सोबत कंपाउंडरबाई. खोली लहान, पंख्याखाली अधिकाऱ्याचं टेबल, एका बाजूला ठेकेदाराचा वकील, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि मी. फुंकऱ्या हात वर करून म्हणाला, "साहेब, मला सांगायचंय." आणि त्याने सांगितलं. "मशीन माझ्याकडे आलं, त्यात शेवटच्या खेळाची वेळ होती, ती माझ्या हाताने पुसली गेली."

"मुद्दाम?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सवयीने."

वकिलाने पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे गोड नजरेने बघितलं. तो माणूस हसला नाही, एवढीच त्याची सभ्यता. मग मशीन टेबलावर कुठे सापडलं ते दाखवायला त्याने तेच अकरा फोटो अधिकाऱ्यापुढे पसरले.

फुंकऱ्या अजून तिथेच उभा होता. मान तशीही पुढेच असायची, ती आणखी पुढे गेली. त्याने सातव्या फोटोवर बोट ठेवलं.

"ही पेटी कसली?"

भिंतीवर, दाराच्या बाजूला, एक लोखंडी पेटी होती. दार अर्धवट उघडं.

"आगीच्या घंटेची," अधिकारी म्हणाला. "तुमचं सांगून झालं ना?"

"आतली बॅटरी गळलीय, साहेब. हे बघा, हे पांढरं-हिरवं. हे राखेने होत नाही, धुराने होत नाही. वर्षानुवर्षं कुणी बदलली नाही की असं पीठ सुटतं, तारा खाऊन टाकतं. आग लागली की वीज जाते. वीज गेली की घंटा या बॅटरीवर वाजते." बोट त्याने फोटोवरून काढलं नव्हतं. "ही मेलेली होती. घंटा वाजलीच नसणार. कोपऱ्यात धूर कोंडत होता आणि याला कुणी सांगितलंच नाही."

ठेकेदाराचा मॅनेजर मागे बसला होता, त्याने पाय आवरून घेतले, हे मी बघितलं.

मग वकील उठला. "साहेब, हे तज्ज्ञ म्हणजे तेच गृहस्थ ना, ज्यांनी आत्ताच सांगितलं की बॅटरीला हात लावला आणि पुरावा नष्ट केला? बॅटरीच्या बाबतीत यांचा शब्द कितपत धरायचा?"

मागून कुणीतरी हसलं. अधिकारीही हसला, पण लगेच खोकला. लेखनिकाला म्हणाला, "शेवटचं घेऊ नका. विषयाला सोडून आहे." मग मला, "आक्षेप असेल तर लेखी द्या, पुढच्या तारखेला बघू."

मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, पेटीला सील ठोका म्हणून. अर्जावर शिक्का बसला. पुढची तारीख बारा दिवसांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि फुंकऱ्या गोदामावर गेलो. काळ्या भिंतीवर नवी कोरी पांढरी पेटी होती, दारावरची प्लॅस्टिकची पातळ पापडी अजून काढलेली नव्हती.

फुंकऱ्याने टपरीला कुलूप लावलं आणि चार दिवस भंगारवाले पालथे घातले. या गावातला एकूण एक भंगारवाला त्याच्या ओळखीचा, कॅसेटसाठी तो त्यांच्या दारात वर्षानुवर्षं उकिडवा बसलेला. घंटेच्या तीन पेट्या मिळाल्या. एक शाळेची, एक कुठल्याशा हॉटेलची, तिसरीत उंदराने घर केलेलं. ती मिळाली नाही. पाचव्या दिवशी तो माझ्याकडे आला. हात कोपरापर्यंत काळे. म्हणाला, "तो फोटो मला आधी दिसला असता तर."

त्याला वाटतं की ते फोटो वकिलाने त्याच दिवशी पहिल्यांदा बाहेर काढले. ते तीन आठवडे माझ्या खांद्याला होते, हे मी त्याला सांगितलेलं नाही. हे छापून आलं की वाचेल.

निकाल आला. सात पानं. सहाव्या पानावर तो शब्द होता, जसाच्या तसा. घंटेचा उल्लेख नाही. आमच्या अर्जाबद्दल एक ओळ: स्थळ पाहणीत यंत्रणा सुस्थितीत आढळली. अपील करता येतं, मी केलंही आहे, पण मला या कचेऱ्या चांगल्या ठाऊक आहेत. ज्या कागदावर एकदा शब्द बसतो, त्याच्यावरूनच पुढचा कागद लिहितात.

दवाखान्यातली मंडळी अजून जमतात. फुंकऱ्या मधे तीन महिने गेला नाही. मग कंपाउंडरबाई त्याला घरातून ओढून घेऊन गेल्या. त्या दिवशी कुणीतरी भंगारातून नवी कॅसेट आणली होती, फुंकऱ्यापुढे धरली, आंघोळीसाठी. त्याने ती हातात घेतली नाही. "तशीच लावा," म्हणाला. मशीनमध्ये घातली तर आत कुणाचा तरी अर्धा राहिलेला खेळ होता. मंडळी तो परका खेळ बघत राहिली आणि फुंकऱ्या चपला घालून बाहेर पडला.

निकालाची प्रत वहिनींना द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. तिसरा मजला, लोखंडी जाळीचं दार. वहिनींनी आतलं दार उघडलं, जाळीचं नाही. प्रत जाळीतून आत घेतली. सहावं पान त्यांना शोधावं लागलं नाही, मी कोपरा दुमडून ठेवला होता. त्यांनी तेवढंच वाचलं.

मग माझ्याकडे न बघता फुंकऱ्याला म्हणाल्या, "भाऊजी, एक खरं सांगा. तुम्ही त्यांना ओळखत होता. त्या दिवशी ते खेळत होते का?"

मी त्याच्या बाहीला हात लावला. नाही म्हण, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याने बाही सोडवून घेतली.

"खेळत असतीलही, वहिनी. बारा तास बंद शटरकडे एकट्याने कोण बघत बसतं? मी त्याच्या जागी असतो तर खेळलो असतो." तो जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता. "पण घंटा वाजली असती तर तो उठला असता. मासे टाकून उठला असता. हे मी कुठेही लिहून देतो."

"मग हे तिथं का नाही बोललात?"

"बोललो. त्यांनी लिहून घेतलं नाही."

वहिनींनी ती सात पानं पुन्हा होती तशी नीट जुळवली आणि जाळीतून त्याच्याच हातात परत दिली.

"मग इथं बोलताय, त्याचं मी काय करू?" म्हणाल्या, आणि आतलं दार लावून घेतलं.